कॉलेर्पा : एका पेशीचें समुद्रशैवाल

वनस्पति म्हटली कीं मूळ, खोड, पान, फूल व फळ हे पांच शब्द विद्यार्थ्यांच्या तोंडीं तत्काळ येतात. शाळेंतील पहिल्याच धड्यांत ते शिकविले जातात, आणि बागेंत अगर शेतांत जाऊन पाहिलें असतां त्यांचा पडताळाहि मिळतो. समुद्रांत मात्र हा धडा पुष्कळदां अपुरा पडतो. उष्ण कटिबंधांतील समुद्रांत कॉलेर्पा नांवाचें एक हिरवें शैवाल उगवतें. त्याला पाहून कोणीहि म्हणेल कीं यास मुळें आहेत, जमिनीलगत धांवणारें खोड आहे, आणि सुंदर पानेंहि आहेत. परंतु वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीनें त्यास खरीं मुळें नाहींत, खोड नाहीं आणि पानेंहि नाहींत. इतकेंच नव्हे, तर तें संपूर्ण रोप, मग तें वीतभर असो कीं दोन हात लांब असो, एकाच पेशीचें बनलेलें असतें. ह्या शैवालाची रचना कशी असते, तें कोठें राहतें, आणि स्वतःच्या घरीं निरुपद्रवी असलेलें हेंच शैवाल परक्या समुद्रांत जाऊन अनेक राष्ट्रांच्या चिंतेस कारण कसें झालें, हें आम्ही येथें सांगणार आहों.

कॉलेर्पा हें एका वंशाचें नांव असून त्या वंशांत अनेक जाति आहेत. त्यांपैकीं ज्या जातीविषयीं आम्ही विशेषेंकरून लिहीत आहों, तिचें शास्त्रीय नांव कॉलेर्पा टॅक्सिफोलिया असें आहे. वेस्ट इंडीज बेटांकडील नमुन्यांवरून मार्टिन वाल ह्या शास्त्रज्ञानें १८०२ सालीं तिचें प्रथम वर्णन केलें. पुढें १८१७ मध्यें स्वीडनमधील प्रसिद्ध शैवालशास्त्रज्ञ कार्ल आगार्ड यांनीं तिला कॉलेर्पा वंशांत घातलें. कॉलेर्पा हा शब्द ग्रीक भाषेंतील ‘खोड’ व ‘रांगणें’ ह्या अर्थाच्या दोन शब्दांवरून बनविला आहे. टॅक्सिफोलिया हा शब्द लॅटिन असून, ज्याचीं पानें टॅक्सस वृक्षाच्या पानांसारखीं आहेत तें, असा त्याचा अर्थ होतो. ह्या टॅक्ससचा एक भाऊबंद आपल्या हिमालयांत वाढतो. तिकडील लोक त्यास थुनेर म्हणतात. तेव्हां ‘थुनेरीच्या पानांचें रांगतें खोड’ एवढें ह्या शैवालाचें वर्णन त्याच्या नांवांतच आलेलें आहे.

आतां ह्या रोपाकडे जरा जवळून पाहूं. त्याचे तीन भाग सहज ओळखतां येतात. पहिला भाग म्हणजे वाळूवरून अगर खडकावरून आडवा सरपटत जाणारा, सुतळीसारखा हिरवा दोर. अंगणांतील हरळीचा धांवता कोंब ज्याप्रमाणें जमीन धरून पुढें पुढें जातो, त्याप्रमाणें हा दोर एका टोकानें वाढत असतो व ठिकठिकाणीं त्यास फांटे फुटतात. दुसरा भाग ह्या दोराच्या खालच्या बाजूस असतो. थोड्याथोड्या अंतरावर तेथें बारीक, वर्णहीन तंतूंचे झुबके निघतात व ते वाळूचे कण घट्ट कवटाळून रोपास जागच्या जागीं धरून ठेवतात. तिसरा भाग वरच्या बाजूस उभा राहतो, आणि सौंदर्य काय तें त्यांत आहे. मध्यें एक चपटी शीर, तिच्या दोहों बाजूंस समोरासमोर बसविलेल्या, किंचित् वर वळलेल्या लहान पात्यांच्या दोन रांगा, आणि सर्वांचा रंग टवटवीत हिरवा. नारळाच्या झावळीची कोणी बोटभर लांबीची प्रतिकृति करून समुद्राच्या तळाशीं रोवावी, तसा हा देखावा दिसतो. उष्ण समुद्रांत ह्या पात्यांची उंची सामान्यतः दोनपासून पंधरा सेंटिमीटरपर्यंत असते.

बहुतेक समुद्रशैवालांचे तळचे तंतु केवळ चिकटून राहण्यापुरते असतात. सभोंवतीं सर्वत्र पाणी असल्यामुळें अन्नद्रव्यें शोषून घेण्याचें काम त्यांचें सर्वांगच करीत असतें. कॉलेर्पाची गोष्ट थोडी निराळी आहे. त्याचे तंतु वाळू व चिखल ह्यांत शिरून तेथील क्षार शोषून घेऊं शकतात. उष्ण कटिबंधांतील स्वच्छ निळें पाणी डोळ्यांस मनोहर दिसतें, परंतु वनस्पतींच्या दृष्टीनें तें पुष्कळदां निकृष्टच असतें. कारण त्यांत क्षार अल्प असतात. अशा पाण्यांत राहणाऱ्या रोपास तळच्या गाळांतून अन्न काढतां येणें हा केवढा लाभ आहे, हें सांगावयास नको.

येथवर बाह्य स्वरूप झालें. खरा चमत्कार आंतच आहे. सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं कांद्याचा पापुद्रा ज्यांनीं पाहिला असेल त्यांस विटांच्या भिंतीसारखी ती आकृति आठवत असेल. प्रत्येक वीट म्हणजे एक पेशी. तिच्या चहूंबाजूंस भिंत, आंत जीवद्रव्य आणि त्यांत एक केंद्रक. आंब्याचें झाड, बैल, मनुष्य, हे सर्व अशा कोट्यवधि पेशींच्या रचनेनें बनलेले आहेत. कॉलेर्पाचा दोर उभा चिरून पाहिला तर आंत एकहि आडभिंत आढळत नाहीं. दोरांतून पात्यांत व पात्यांतून तंतूंत जीवद्रव्यास मोकळा मार्ग असतो. कवचाच्या आंतल्या बाजूस जीवद्रव्याचा थर, त्यांत एक नव्हे तर असंख्य केंद्रकें, हरितद्रव्याचे असंख्य कण, आणि मध्यभागीं रसानें भरलेली पोकळी, असा हा एकच एक प्रशस्त वाडा आहे. त्यास दालनें नाहींत, दारें नाहींत आणि उंबरठेहि नाहींत.

असा हा वाडा कोसळत कसा नाहीं? त्याचीं कारणें दोन आहेत. एक तर आंतील रसाचा दाब हवा भरलेल्या फुग्याप्रमाणें कवचास ताठ ठेवतो. दुसरें, कवचाच्या आंतल्या अंगापासून सूक्ष्म दांडे निघून ते पोकळींतून आडवेतिडवे जातात व समोरच्या अंगास जाऊन भिडतात. मांडव घालतांना आपण वासे व आडवे बांबू लावतों, तशीच ही योजना आहे. आपल्या परिचयाच्या झाडांच्या पेशींचें कवच सेल्युलोज ह्या द्रव्याचें असतें. ह्या शैवालाचें कवच मुख्यतः झायलन नामक निराळ्या द्रव्याचें असतें.

दुसराहि एक प्रश्न विचारी विद्यार्थ्याच्या मनांत येईल. सर्व रोप जर एकच पेशी आहे, तर ‘येथें पातें फुटावें’ व ‘येथें तंतु फुटावे’ हें ठरतें कसें? ह्या वंशांतील रोप उलटें करून ठेवलें असतां नवे तंतु पुन्हां खालच्याच बाजूनें फुटतात, हें प्रयोगानें दिसून आलें आहे. म्हणजे वर कोणतें व खालीं कोणतें, ह्याचें भान त्या एका पेशीस असतें. २०१५ मध्यें अमेरिकेंतील संशोधकांनीं कॉलेर्पा टॅक्सिफोलियाच्या निरनिराळ्या भागांतील जनुकांचे संदेश तपासून प्रसिद्ध केले. आडभिंती नसतांनाहि ते संदेश सर्वत्र सारखे मिसळलेले आढळले नाहींत. बुंध्याकडील भागांत केंद्रकांच्या कामाशीं संबंध असलेले संदेश अधिक होते, आणि टोंकाकडील भागांत प्रथिनें तयार करण्याच्या कामाचे संदेश अधिक होते. भिंती न घालतांहि कामाची वांटणी होऊं शकते, हा धडा त्या संशोधनानें शिकविला.

एकाच पेशीच्या देहास एक मोठें भय असणारच. मनुष्याच्या बोटास कापलें तर कांहीं पेशी मरतात, बाकीच्या सुरक्षित राहतात. परंतु जेथें सर्व देहच एक पेशी आहे, तेथें एका छिद्रानें सारें जीवद्रव्य वाहून जावयास पाहिजे. तसें होत नाहीं. कॉलेर्पाच्या अंगांत कॉलेर्पेनिन नांवाचें एक कडवट द्रव्य असतें. जखम होतांच त्याचें रूपांतर होऊन दुसरें अधिक तीव्र द्रव्य बनतें व तें प्रथिनांस एकमेकांशीं जखडून टाकतें. थोड्याच क्षणांत जखमेच्या तोंडाशीं गोळ्यासारखें बूच बसतें आणि गळती थांबते. तेंच द्रव्य शत्रूंनाहि दूर ठेवतें; शाकाहारी मासे व काटेरी सी-अर्चिन पुष्कळदां ह्या शैवालास तोंड लावीत नाहींत.

ह्या शक्तीचा परिणाम असा कीं, रोपाचे तुकडे झाले तरी तें मरत नाहीं. प्रत्येक तुकडा आपलें तोंड बंद करून घेतो, तळाशीं पडतो, नवे तंतु सोडतो आणि नवें रोप होऊन बसतो. एक-दोन सेंटिमीटरचा तुकडाहि ह्या कामीं पुरेसा असतो. शिवाय ओलाव्याच्या अंधाऱ्या जागीं, उदाहरणार्थ नावेंतील नांगराच्या ओल्या दोरखंडांत गुंतून, हें शैवाल पाण्याबाहेर सुमारें दहा दिवस जिवंत राहूं शकतें.

लैंगिक रीतीनेंहि कॉलेर्पाची वाढ होते. पण तिचें मोल फार मोठें आहे. पनामाच्या किनाऱ्यावरील प्रवाळखडकांवर शास्त्रज्ञांनीं ह्या वंशांतील शैवालांचें निरीक्षण केलें. रोपांतील सर्व जीवद्रव्य एका रात्रींत प्रजननपेशींत बदलतें, पहाटेच्या सुमारास त्यांचा हिरवा ढग पाण्यांत सुटतो, आणि मागें पांढुरकें रिकामें कवच उरून तेंहि लवकरच विरून जातें. रोप आपलें सर्वस्व एकदांच देऊन संपतें.

आतां ह्याच्या वसतिस्थानाकडे वळूं. कॅरिबियन समुद्र, हिंदी महासागर, पॅसिफिकचा उष्ण भाग व ऑस्ट्रेलियाचा उत्तरेकडील किनारा ह्या ठिकाणीं कॉलेर्पा टॅक्सिफोलिया स्वाभाविकपणें आढळतें. आपल्या देशांत मन्नारच्या आखातांत तें आहे. कोंकण व गोमंतक येथील खडकाळ किनाऱ्यांवरहि कॉलेर्पा वंशांतील शैवालें उगवतात. लाटांचा फार मारा नसलेली जागा, भरपूर उजेड, आणि धरावयास वाळू, चिखल, खडक किंवा प्रवाळ एवढें त्यास पुरतें. अशा ठिकाणीं तें इतर अनेक शैवालांमध्यें मिसळून, लहान लहान पुंजक्यांनीं राहतें. त्याचा रस शोषून त्यावरच उदरनिर्वाह करणाऱ्या लहान हिरव्या सागरी गोगलगाई तेथें असतात. जागेसाठीं झगडणारे शेजारीहि पुष्कळ असतात. म्हणून स्वतःच्या घरीं हें शैवाल मर्यादेनें राहतें. त्याच वंशांतील दुसरी एक जाति, द्राक्षांच्या घोसासारखी दिसणारी, फिलिपाईन्स बेटांत व जपानच्या ओकिनावा बेटांत लोक आवडीनें खातात. तेव्हां हा वंश मुळांत दुष्ट आहे, असें कोणीं समजूं नये.

मर्यादा सुटली ती मनुष्याच्या हातून. शोभेच्या माशांच्या काचेच्या टांक्यांत लावण्यास हें शैवाल फार चांगलें दिसतें. जर्मनीमधील श्टुटगार्ट येथील मत्स्यालयांत तें १९७० नंतरच्या काळांत वाढविलें जात होतें, व तेथून तें इतर मत्स्यालयांकडे गेलें. ह्या टांक्यांतील वाण विशेष जोमदार होता व थंड पाण्यांतहि तो तग धरीत असे. १९८४ मध्यें भूमध्य समुद्राच्या कांठीं, मोनॅको येथील समुद्रविज्ञानाच्या संग्रहालयाच्या खालच्या बाजूस, समुद्रतळावर त्याचा एक पुंजका दिसून आला. त्यानें व्यापलेली जागा सुमारें एक चौरस मीटर, म्हणजे शाळेंतील एका बाकाएवढी होती. एखाद्या पाणबुड्यानें हातांनीं उपटून अर्ध्या दिवसांत ती मोकळी केली असती. उष्ण देशांतील रोप येथील हिवाळ्यांत टिकणार नाहीं, अशा समजुतीनें कोणीं तिकडे लक्ष दिलें नाहीं.

पांच वर्षांनीं, १९८९ मध्यें, नीस येथील विद्यापीठांतील शैवालशास्त्रज्ञ आलेक्सांद्र मेनेझ यांनीं तेथें बुडी मारून पाहिलें, तों त्या बाकाएवढ्या जागेचें सुमारें एक हेक्टर क्षेत्र झालें होतें. पुढच्याच वर्षीं तें कांहीं किलोमीटर अंतरावर फ्रान्सच्या किनाऱ्यास लागलें. मेनेझ यांनीं धोक्याची सूचना दिली, तेव्हां वाद सुरू झाला. हें शैवाल लाल समुद्रांतून आपण होऊन आलें असावें, असें कित्येकांचें म्हणणें होतें. वाद चालूं असतां शैवाल थांबलें नव्हतें. नांगर वर ओढले कीं त्यांबरोबर त्याचे तुकडे येत; दुसऱ्या बंदरांत नांगर टाकले कीं ते तेथें रुजत. कोळ्यांच्या जाळ्यांनींहि हेंच काम केलें. २००० सालाच्या अखेरीस स्पेन, फ्रान्स, मोनॅको, इटली, क्रोएशिया व ट्युनिशिया ह्या सहा देशांच्या किनाऱ्यांवर मिळून सुमारें १३१ चौरस किलोमीटर क्षेत्रास त्याची बाधा झालेली होती. पुढें आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीनें वादाचा निकाल लागला. भूमध्य समुद्रांतील शैवाल व मत्स्यालयांतील शैवाल एकच ठरलें, आणि त्याचें मूळ ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावरील मोरेटन उपसागराकडे असल्याचें दिसून आलें. तेथील प्रजननपेशी तपासल्या तर त्या सर्व नरच आढळल्या. म्हणजे एवढा विस्तार बीजावांचून, केवळ तुकड्यांनीं झालेला होता.

ह्यांत नुकसान कोणाचें झालें, असें कोणी विचारील. भूमध्य समुद्राच्या तळाशीं पोसिडोनिया नांवाचें सागरी गवत वाढतें. त्याचीं कुरणें म्हणजे असंख्य माशांच्या पिलांचें पाळणाघर होय. तेथें कॉलेर्पा दाट पसरून उजेड व जागा अडवूं लागलें, आणि फारसें कोणी त्यास खाईना. स्थानिक गोगलगाईंची एक जाति त्यास खात असे. पण तिच्या चाव्यानें तुटलेले तुकडेच पुन्हां रुजतात, असें आढळून आलें. नंतरच्या वर्षांत पुष्कळ ठिकाणीं हें शैवाल आपोआप विरळ झालें ही समाधानाची गोष्ट आहे. तथापि तें मनुष्याच्या प्रयत्नानें झालें, असें म्हणतां येत नाहीं.

ह्याच्या उलट दुसरें उदाहरण पाहा. १२ जून २००० रोजीं अमेरिकेंत कॅलिफोर्निया संस्थानाच्या दक्षिण भागांतील आग्वा हेडिओंडा नामक खाजणांत सागरी गवताची पाहणी करणाऱ्या पाणबुड्यांस एक अपरिचित हिरवें शैवाल दिसलें. त्यांनीं तें ओळखवून घेतलें. भूमध्य समुद्राची हकीकत तोंवर सर्वांच्या कानीं गेली होती, म्हणून वाद घालण्यांत वेळ गेला नाहीं. तीन आठवड्यांच्या आंत कामास आरंभ झाला. प्रत्येक पुंजक्यावर काळ्या प्लॅस्टिकची ताडपत्री अंथरून तिच्या कडा वाळूच्या पिशव्यांनीं दाबल्या आणि आंत क्लोरीन सोडला. त्याच वर्षीं हंटिंग्टन बंदरांतहि हें शैवाल सांपडलें. तेथेंहि तोच उपाय केला. त्यानंतर पाणबुडे वर्षानुवर्षें तळ धुंडाळीत राहिले. अखेर जुलै २००६ मध्यें शैवालाचें निर्मूलन झाल्याचें जाहीर करण्यांत आलें. ह्या कामीं सत्तर लाख डॉलरांहून अधिक खर्च झाला. रोप तेंच, वाण तोच, शक्तिहि तीच. एके ठिकाणीं एका बाकाएवढी जागा दुर्लक्षिली गेली, दुसरीकडे दिसतांक्षणीं हात घातला गेला. दोन्ही हकीकतींतील अंतर काय तें एवढेंच आहे.

ही गोष्ट दूरच्या समुद्रांची असली तरी आमच्या वाचकांस ती सर्वस्वीं परकी वाटूं नये. आपल्या नद्यांत व तळ्यांत पसरलेली जलपर्णी दक्षिण अमेरिकेंतील आहे, आणि तिच्या सुंदर जांभळ्या फुलांसाठींच मनुष्यानें तिला देशोदेशीं नेलें. आज पुष्कळ घरांतून माशांच्या काचेच्या टांक्या असतात. टांकी साफ करतांना त्यांतील पाणी, वनस्पति व नकोसे झालेले मासे जवळच्या ओढ्यांत किंवा खाडींत सोडून देणें हें दयेचें काम आहे, असें मुलांस वाटण्याचा संभव आहे. पालकांनीं त्यांस समजावून सांगावें कीं, तशा वनस्पति उन्हांत पूर्ण वाळवून मग केरांत टाकाव्या, आणि मासे ज्याच्याकडून घेतले त्याला परत द्यावे.

ज्या विद्यार्थ्यांस सुटींत कोंकणांत जाण्याची संधि मिळेल त्यांनीं ओहोटीच्या वेळीं, वडील माणसांस बरोबर घेऊन, खडकांतील डबकीं अवश्य पाहावीं. तेथें हिरवा रांगता दोर, त्याच्या खालीं तंतूंचे झुबके आणि वर बोटाएवढीं पिसें किंवा मण्यांचे घोस दिसले, तर तें कॉलेर्पाच्या वंशांतील असण्याचा पुष्कळ संभव आहे. त्यास उपटूं नये व दुसऱ्या पाण्यांत नेऊन टाकूं नये. तेथेंच गुडघे टेकून तें नीट पाहावें, वहींत त्याचें चित्र काढावें, दिवस व जागा लिहून ठेवावी, आणि सुटी संपल्यावर ती वही वर्गांत घेऊन यावी.